मदत हवी आहे: आई-बाबा आणि १० वर्षांचा मुलगा घेऊन मॉरिशस, ७ दिवस. काय बघावं, काय सोडावं?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगा (१०), बाबा (७४) आणि आई (६९), ऑक्टोबरच्या शेवटी मॉरिशसला निघतोय. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं, ती तिकिटं काढून झालीयेत. राहायचं कुठे आणि बघायचं काय हे मात्र अजून ठरत नाहीये आणि दिवस भराभर चाललेत.

पुण्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्यांकडून प्लॅन घेतला होता. त्यात एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस इल ओ सर्फ नावाचं छोटं बेट असं आहे, रोज सकाळी आठला निघून संध्याकाळी सहाला परत. दक्षिणेच्या त्या एकाच दिवसात क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती, धबधबा आणि वर ल मॉर्नचा बीच, सगळं कोंबलंय. आईचा उजवा गुडघा गेली तीन वर्षं त्रास देतोय आणि ती तोंडाने कधी सांगत नाही. मागच्या वर्षी एका टूरबरोबर केरळला गेलो होतो तेव्हा मुन्नारला शेवटच्या दोन पॉइंटना ती गाडीतच बसून राहिली, काच खाली करून आम्हाला हात करत होती की तुम्ही जा, मी मजेत आहे. तो हात मला अजून दिसतो. या वेळी तसं होऊ द्यायचं नाहीये.

बाबांचं वेगळंच आहे. आमचं मूळ गाव देवरुखजवळ. बाबांच्या आजीच्या तोंडून घरात एक गोष्ट चालत आलीये की तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला कामाला म्हणून गेला आणि तिथून जहाजात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेला, तो परत आलाच नाही. बाबांना समुद्रबिमुद्र काही नको, त्यांना फक्त ती मंडळी जिथे उतरली तो घाट बघायचाय. लेकाला डोडो (तो नामशेष झालेला पक्षी) आणि स्नॉर्कलिंग. पोहायला शिकलाय पण टँकमधे, समुद्रात कधी उतरला नाहीये.

तर कुठे राहावं, उत्तरेला ग्रां बे का पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक? एकाच ठिकाणी सात दिवस का दोन ठिकाणी? आईला झेपेल आणि तरी ती नुसती बसून राहणार नाही असं काय काय आहे? बाबांचं आणि आईचं शाकाहारी आहे, त्याचं कसं होईल? आणि घाट बघायला किती वेळ ठेवावा? जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा प्लीज.

कर्वेनगरची

ताई, आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, अगदी याच दिवसांत. पहिलं म्हणजे सीझन तुम्ही छान निवडलाय. तिकडे ऋतू आपल्या उलटे, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि वादळांची भीती मुख्यतः जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाऊस कमी, पाणी फार गार नाही.

दोन ठिकाणी राहा. बेट छोटं आहे, लांबी ६५ किमीच्या आसपास, पण रस्ते गावांतून आणि उसातून वळणं घेत जातात त्यामुळे नकाशावर जवळ वाटतं तेवढं गाडीत वाटत नाही. विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि ग्रां बे पार उत्तरेला, म्हणजे सहा तास विमान झाल्यावर पुन्हा सव्वा तास गाडी. आम्ही पहिले तीन दिवस विमानतळाजवळच ब्लू बेला काढले आणि मग चार दिवस पश्चिम किनाऱ्याला. पोचल्यावर पंधरा मिनिटांत सासूबाई खोलीत आडव्या झाल्या होत्या, त्या आरामामुळे पुढची ट्रिप सुखाची झाली.

ब्लू बे मरीन पार्क तुमच्या आईंसाठीच आहे असं समजा. काचेच्या तळाची बोट असते, बसल्या जागी खाली प्रवाळ, निळे-पिवळे मासे सगळं दिसतं. मुलगा बाजूलाच लाइफजॅकेट घालून स्नॉर्कलिंग करू शकतो. बेटाच्या जवळपास सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत उथळ संथ पाणी राहतं, म्हणून लहानांसाठी बरं. फक्त सगळ्यांना पाण्यात घालायचे बूट घ्या, इथूनच घेऊन जा, तळाशी समुद्री साळू असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासापण असतो, त्यावर पाय पडला तर दवाखानाच.

बाणेरवाला

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं मॉरिशसमधे, कात्र बोर्नला राहिलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाबांच्या गोष्टीपासून सुरू करतो कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. घाटाचं नाव आप्रवासी घाट, पोर्ट लुई बंदराला लागून. गुलामगिरी बंद करायचा कायदा झाल्यावर ब्रिटिशांनी करारावर मजूर आणायचा प्रयोग इथेच केला, १८३४ पासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख लोक इथे उतरले, बहुतेक भारतातून, बिहारकडचे सगळ्यात जास्त पण आपल्या मुंबईहूनही जहाजं गेली, त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. २००६ ला तो जागतिक वारसा यादीत आला. एक सांगून ठेवतो म्हणजे बाबांची निराशा नको व्हायला, जागा फार लहान उरलीये, १६४० चौरस मीटर, म्हणजे आपले सोळा गुंठे. काळ्या दगडाच्या काही भिंती, दवाखान्याच्या खोल्या आणि बंदराकडून वर येणाऱ्या १६ पायऱ्या. झिजलेल्या, साध्या पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस आधी त्या चढायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास असं ठरवलं होतं आणि दोन तास तिथेच होतो. शेजारचं माहिती केंद्र बघाच, एसी आहे, आईंना बसायला जागा आहे.

आता खरी गोष्ट. २ नोव्हेंबरला मॉरिशसमधे सरकारी सुट्टी असते, १८३४ मधे त्या दिवशी या मजुरांची पहिली तुकडी उतरली त्याची आठवण म्हणून. घाटावर कार्यक्रम होतो. तुमच्या तारखा त्यात बसत असतील तर बाबांना त्या दिवशी बाहेरून का होईना न्या, आणि आत शांतपणे बघायला दुसरा दिवस ठेवा, कारण सुट्टीला गर्दी आणि बडी मंडळी येणार.

आणि मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. त्या मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्यात, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, जहाज, पुढच्या काळातल्यांचे तर फोटोसुद्धा. तिकडचे लोक आपापले पूर्वज तिथेच शोधतात. आधी ईमेल करून विचारा, असंच जाऊन उभं राहू नका. त्याच संस्थेत मराठीही शिकवतात.

मराठीवरून आठवलं, तिथे मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, गावागावातून मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर नाहीतर समुद्रावर विसर्जनाला जातात. आपल्या कोकणातला जाखडी नाच त्यांनी अजून जपलाय. २०२३ ला तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळाही बसवलाय. तरुण पोरं बोलतात क्रेओल, म्हणजे तिकडची फ्रेंचवरून आलेली भाषा, पण माझ्या शेजारच्या आजी मला बघितलं की "जेवलास का" एवढं मराठीत विचारायच्या, बाकी सगळं क्रेओलमधे.

खाण्याची काळजी सोडा. धोल पुरी म्हणून रस्त्यावर मिळते, ती आईंना एकदा खायला घाला. आपल्या पुरणपोळीसारखीच, पण गोड नाही. पिवळी डाळ शिजवून अगदी कोरडी वाटतात, हळद-जिरं घालतात आणि पातळ लाटून भाजतात, इतकी मऊ की दुमडली तरी तुटत नाही. विकायची पद्धत जोडीने, म्हणजे दोन पुऱ्या एकमेकींवर, त्यात घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची चटणी, हिरवी मिरची हवी का विचारतात, गुंडाळून कागदात देतात. मिरचीला आधी "थोडी" म्हणा, तिकडची मिरची जोरदार असते. डाळीचे छोटे वडे मिळतात तेही शाकाहारी. वरून आलुदा प्या, सब्जा घातलेलं थंड दूध, पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमधे.

दक्षिणेचा दिवस दोन दिवसांत तोडा. एक दिवस गंगा तलाव आणि बुआ शेरीचा चहाचा मळा. गंगा तलाव विवरात साठलेलं पाणी आहे, उंचावर, तिथली शंकराची ३३ मीटरची मूर्ती २००७ मधली. सपाट आहे, आईंना चालायला त्रास नाही, पण तिथे अचानक धुकं आणि भुरभुर येते, खाली कडक ऊन असलं तरी शाल ठेवा. चहाच्या मळ्यावर व्हॅनिलाचा चहा पीत तळ्याकडे बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी शामारेल आणि ल मॉर्न. ती सात रंगांची माती म्हणजे झिजलेला बसाल्ट, लोह आणि ॲल्युमिनियममुळे रंग येतात, त्यावर चालता येत नाही, कठड्यावरून बघायची, ऊन असताना जा, ढगात नुसता तपकिरी दिसतो. ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटरचा, पळून आलेले गुलाम त्याच्यावर लपून राहायचे, तोही २००८ पासून वारसा यादीत आहे. चढायचा नाही, खालच्या बीचवर चटई टाकून बघायचा.

दक्षिण टोकाला ग्री ग्रीला मात्र प्रवाळाची भिंत तुटलीये, लाटा थेट खडकावर आपटतात. बघायला भव्य आहे, पण पाण्यात पाय घालायचा नाही, मुलाचा हात धरून ठेवा.

रानवाटा

डोडोप्रेमी मुलासाठी लिहितोय. डोडोचा सांगाडा पोर्ट लुईच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधे आहे, घाटाच्या दिवशीच होईल. पण त्याला इल ओ एग्रेतला नक्की न्या, ब्लू बेच्या जवळूनच बोट जाते. छोटंसं बेट, मूळचं जंगल परत वाढवलंय, गाइडबरोबरच फिरायचं. मोठाली कासवं मोकळी फिरतात आणि गुलाबी कबुतरं दिसतात. १९९० च्या सुमारास ही कबुतरं जंगलात दहाच्या आसपास उरली होती, आणि मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मधे फक्त चार. दोन्ही माणसांनी प्रयत्न करून वाचवलेत. डोडो गेला तो सतराव्या शतकात, हे मात्र राहिले, मुलाला डोळ्यांनी बघू दे. वाट दगडी आणि खडबडीत आहे, तेव्हा आईंनी तो सकाळचा वेळ काचेच्या बोटीत घालवावा.

एक कळकळीची विनंती. पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारिनला पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात. ते रात्रभर बाहेर शिकार करून सकाळी विश्रांतीला किनाऱ्याजवळ येतात आणि दहा बोटी त्यांना घेरतात, माणसं धपाधप उड्या मारतात. मी एकदा गेलो आणि फार वाईट वाटलं. जाऊ नका असं माझं मत.

कर्वेनगरची

इल ओ सर्फबद्दल राहिलं. पाणी सुंदर आहे, पण टूरच्या बोटी दुपारी खच्चून भरून येतात. पॅरासेलिंग वगैरे नको असेल तर सोडून दिलंत तरी काही चुकत नाही. त्यापेक्षा पांपलमूसची बाग, तिथे परातीएवढी कमळाची पानं पाण्यावर पसरलेली असतात, रस्ते सपाट, बाकं भरपूर. माझ्या सासूबाई अजून त्या पानांबद्दल सांगतात.

आणि दिवसभराची टॅक्सी ठरवा, आधी भाव ठरवून. आईंना वाटेल तिथे थांबता येतं. व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा आणि जायच्या आधीचा ऑनलाइन फॉर्म भरा. औषधांची डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असू द्या, तिकडे झोपेच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांबाबत कडक आहेत.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! ट्रॅव्हलवाल्यांना सकाळीच नाही कळवलं. तीन रात्री ब्लू बे, चार रात्री पश्चिम किनारा. इल ओ सर्फ आणि डॉल्फिन दोन्ही कापले, लेक डॉल्फिनवर थोडा रुसला होता, मग रानवाटांचं लिहिलेलं वाचून दाखवलं तर म्हणाला झोपू दे त्यांना. परत ४ नोव्हेंबरला आहोत त्यामुळे २ तारीख मिळतेय, ३ ला पुन्हा घाटावर.

बाणेरवाले दादा, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. सोळा पायऱ्या म्हटल्यावर काही बोलले नाहीत, उठून कपाटातनं जुनी वही काढली. त्यात त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी आजीकडून ऐकून वंशावळ लिहून ठेवलीये, मला माहीतच नव्हतं. त्या भावाचं नाव आहे, पुढे फक्त "परदेशी गेला". मोका गावच्या त्या संस्थेला ईमेल लिहायला घेतलाय. पण आडनाव तेव्हा लावत नसत ना? नाव, बापाचं नाव आणि गाव एवढ्यावर सापडेल का?

बाणेरवाला

आडनावावर शोधूच नका. नाव, बापाचं नाव, जिल्हा आणि अंदाजे वर्षं एवढं लिहा. नोंदी करणारे कारकून ऐकू येईल तसं लिहायचे, त्यामुळे नावाची चार-पाच वेगवेगळी स्पेलिंग करून पाठवा. रत्नागिरीसुद्धा त्या काळी इंग्रजीत रुटनागेरी असं लिहीत, तेही कळवा. देवरुख नसेल तर संगमेश्वर तालुक्यावर बघायला सांगा. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो ईमेलला जोडा.

धागाकर्ती

जोडला. बाबांनी पान दोन्ही हातांनी सरळ धरलं, फोटोत त्यांचे अंगठे आलेत, तसाच पाठवला. उत्तर आलं की इथे लिहीनच.