एकमताचा ठराव: गावाचा की गावातील वजनदारांचा?

धागाकर्ता:
गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो, अभ्यासगटात त्यावर पुन्हा बोलणे होते आणि सर्वांना पटल्यावरच ठराव होतो. याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. इतका धीर नियमांनी येत नाही. ज्यांना उद्या पुन्हा त्याच जंगलात एकमेकांना भेटायचे असते, तीच माणसे समोरच्याची समजूत काढण्याची तसदी घेतात. समान परंपरेवाचून लोकशाहीतील विचारविनिमय नुसत्या मोजणीवर येतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
गप्प बसलेल्याला पटले, हे कोणी ठरवायचे? ज्याची मजुरी, पाणी आणि मयताला येणारी चार माणसे गावाच्या मर्जीवर अवलंबून आहेत, तो चावडीवर 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले व राज्यघटनेच्या मसुद्यात व्यक्ती हा घटक मानल्याचे समाधान व्यक्त केले. आजही चित्र फारसे निराळे नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक रद्द करावी लागली, आणि ती बोली लागली होती मंदिराच्या नावाने. दारूबंदीसाठी 'आडवी बाटली' हे मतदान (बाटली आडवी म्हणजे दुकान बंद) गुप्त पद्धतीने होते, कारण घरच्यांसमोर आणि गावासमोर हात वर करणे बायकांना परवडत नाही.

धागाकर्ता:
उमराण्याचा दाखला मला मान्य नाही, कारण तिथे बोली झाली, चर्चा नव्हे. मेंढ्यात एकाच्या नकाराने ठराव थांबतो, लिलावात त्या नकाराला किंमतच नसते. आडव्या बाटलीबाबत मात्र आपले म्हणणे मला खोडता येत नाही. मेंढा जवळजवळ एकाच समाजाचे गाव आहे, आणि अनेक जातींच्या गावाला तीच रीत जशीच्या तशी लागू होईल हे मी गृहीत धरले, ही माझी चूक. तरीही ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातील तरतूद मला मोलाची वाटते: तिथे एकमेकींना धीर देऊन आलेली बाई मोठ्या सभेत उभी राहते, आणि तो धीर तिला मतपेटी देत नाही, शेजारणी देतात.

प्रतिसाद १:
शेजारणी एकाच आळीतल्या असतील तर. दलित वस्तीतील बाईला त्या सभेचे बोलावणे तरी वेळेवर जाते का, हे आधी पाहावे लागेल.