मदत हवी आहे: सिऱ्होसिस, यकृतात १४ मिमीची गाठ आणि रिपोर्टवर 'एलआर-३'

इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे. बाबा ६८ वर्षांचे. हिपॅटायटिस सी होता. सहा वर्षांपूर्वी बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि विषाणू गेला. सिऱ्होसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणं) आहे हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी) करायला सांगितलं होतं. खरं सांगते, मधली एक सोनोग्राफी आम्ही चुकवली. "विषाणू गेला ना, मग आता कशाला?" असं बाबा म्हणाले आणि आम्हालाही ते सोयीचं वाटलं.

आता सोनोग्राफीत गाठ दिसली, एमआरआय झाला. रिपोर्टमधलं जसंच्या तसं देते: सेगमेंट ६ मध्ये १४ मिमी, आर्टेरियल फेजमध्ये (धमनीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेलं औषध, पोचतं तेव्हा) उठून दिसते, वॉशआउट नाही, कॅप्सूल (गाठीभोवतीचं आवरण) नाही, एलआर-३. एलआर म्हणजे गाठ कॅन्सर असण्याची शक्यता सांगणारी एक ते पाच अशी श्रेणी, एवढं मला कळलं. एएफपी मागच्या वेळी ९ होतं, आता १२. प्लेटलेट ९८ हजार. चाइल्ड-प्यू ए, म्हणजे यकृताचं काम अजून बरं चाललंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. एवढं बोलून होईतो पुढचा पेशंट दारात उभा होता.

हा कॅन्सर आहे की नाही, एवढं साधं उत्तर कोणी का देत नाही? सुई घालून तुकडा काढून बघता येत नाही का? रात्री जागून मी शोधनिबंध वाचतेय. २०२० चा इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) मोठा अभ्यास सापडला, त्यातले आलेख बघून वाटलं की हे बाबांना आजच सुरू करावं. भाऊ म्हणतो, वाचणं बंद कर. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

पाणकावळा: ताई, मी रेडिओलॉजीत आहे, पण फिल्म न बघता लिहितोय, तेवढी सूट द्या. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून, उरलेलं धमनीतून. यकृताचा कॅन्सर मात्र जवळजवळ सगळा धमनीवर पोसतो. त्यामुळे कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो आधी झळकतो आणि भोवतालचं यकृत उजळेपर्यंत स्वतः काळवंडतो. हे काळवंडणं म्हणजे वॉशआउट. झळकणं आणि काळवंडणं दोन्ही दिसलं असतं, तर या आकारालाही एलआर-५ लिहिलं असतं, आणि सिऱ्होसिस असलेल्या माणसात एलआर-५ ला बायोप्सीशिवायच कॅन्सर मानतात. नुसतं झळकणं मात्र सिऱ्होसिसच्या यकृतात इतर कारणांनीही होतं, रक्तवाहिन्यांमधल्या छोट्या आडवाटांमुळेसुद्धा. एलआर-३ पैकी साधारण एक तृतीयांश गाठी पुढे कॅन्सर निघतात. म्हणजे डॉक्टर उत्तर टाळत नाहीयेत, उत्तर अजून तयारच झालेलं नाही.

बायोप्सीचं म्हणाल तर १४ मिमीवर सुई चुकू शकते, आणि 'काही नाही' असा रिपोर्ट आला तरी मन मोकळं होत नाही. त्यात प्लेटलेट कमी. पुढच्या एमआरआयमध्ये वॉशआउट आला किंवा सहा महिन्यांच्या आत गाठ दीडपट झाली, म्हणजे तुमच्या बाबतीत २१ मिमी, तर वर्ग बदलेल. जमल्यास त्याच मशीनवर, त्याच कॉन्ट्रास्टने करा, आणि जुनी सीडी बरोबर न्या. नुसत्या कागदी रिपोर्टवरून तुलना होत नाही.

सुगरण_पक्षी: भावाचं ऐकू नका, वाचा. फक्त निबंधात आधी आलेख न बघता 'कोणाला घेतलं' तो परिच्छेद बघा. तुम्ही म्हणताय तो बहुधा अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या दोन औषधांच्या जोडीचा. त्यात ५०१ रुग्ण होते, सगळे शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले. जुन्या सोराफेनिबवर निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांपर्यंत जगले, नव्या जोडीवर १९.२. या आजारात ही मोठीच झेप, पण ती तुमच्या बाबांसारख्यांची नाही. त्यांच्याकडे अजून निदान झालेलं नाही. झालंच तरी एवढ्या लहान गाठीला जाळून टाकणं, कापून काढणं, प्रत्यारोपण असे बरं करणारे मार्ग आहेत. प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून वापरात असलेला मिलान निकष एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत जातो.

हीच औषधं शस्त्रक्रियेनंतर दिली तर गाठ परत येणं टळेल का, हेही तपासलं गेलं. पहिल्या निकालांत फायदा दिसला, जास्त काळ पाठपुरावा केल्यावर तो टिकला नाही. पहिल्या बातमीवर उडी मारू नये ते यासाठी.

आता एक कामाची गोष्ट. त्या अभ्यासात घेण्याआधी प्रत्येकाची एंडोस्कोपी केली होती, कारण बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. पण औषधाचा विषय बाजूला ठेवला तरी, सिऱ्होसिस आणि ९८ हजार प्लेटलेट म्हटल्यावर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायलाच हव्यात. शेवटची एंडोस्कोपी कधी झाली होती?

निवडुंग: एएफपी ९ चं १२ झालं म्हणून रात्र जागू नका. साधारणपणे २० च्या वर गेल्यावर पुढची तपासणी करतात, आणि लहान गाठींत ते नॉर्मलही असतं. एकेका आकड्यापेक्षा सतत चढ आहे का, ते बघतात. विषाणू गेल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. जुने व्रण यकृतात राहतातच.

आणि चुकलेल्या सोनोग्राफीबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. शांघायमध्ये हिपॅटायटिस बी झालेल्या जवळपास १९ हजार लोकांवर सहामाही तपासणीचा प्रयोग झाला, २००४ मध्ये छापून आला. यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३७ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यातल्या लोकांनी ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केसुद्धा केल्या नव्हत्या.

भरती_ओहोटी: माझ्या माहितीत एक वनस्पतीजन्य औषध आहे, गाठ विरघळते. व्यक्तिगत निरोप करतो.

पाणकावळा: करू नका. ताई, घेऊ नका. अशा औषधांनी यकृत बिघडून दाखल झालेले लोक मी बघतो, आणि सिऱ्होसिसमध्ये मुळातच हाताशी फार थोडं यकृत उरलेलं असतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. 'उत्तर अजून तयारच झालेलं नाही' हे भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता.

सुगरण_पक्षी, तुमच्या प्रश्नामुळे जुनी फाईल काढली. एंडोस्कोपी तीन वर्षांपूर्वीची आहे. खाली पेनाने लिहिलंय, 'लहान शिरा, दोन वर्षांनी पुन्हा'. ते कोणीच वाचलं नव्हतं, मीसुद्धा. उद्या सकाळी फोन करून वेळ घेते. एमआरआय झाला की याच धाग्यावर कळवेन.