झोळी, क्यूआर कोड आणि परदेशातला पैसा

पथनाट्य गटाच्या खर्चासाठी दोन सूचना आल्या आहेत: प्रयोग संपला की प्रेक्षकांत झोळी, म्हणजे पैसे गोळा करायची चादर, फिरवायची; आणि 'क्यूआर कोड अमेरिकेतल्या मंडळींना पाठवा, महिन्याभरात लाखभर जमतील'. यातली दुसरी सूचना जपून. पैसे देणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि रक्कम बँकेमार्फत त्याच्या स्वतःच्या बचतीतून येत असेल, तर अडचण नाही. पण तोच माणूस अमेरिकी नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय शंभर रुपयेही घेता येत नाहीत. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. शिवाय राजकीय स्वरूपाच्या संस्थांना अशी देणगी मुळातच निषिद्ध. लहान पथनाट्य गटाने या वाटेला जाऊच नये.

बाकी झोळीचा मुद्दा पटला. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ मध्ये पथनाट्य धरलं ते मोठी नाटकं परवडेनात म्हणूनच, म्हणजे आधी खर्च आटोक्यात, मग वर्गणी. झोळी मात्र शेवटच्या घोषणेनंतर लगेच निघाली पाहिजे. प्रेक्षकांचा घेरा एकदा मोडला की माणसं पांगतात, म्हणून चादर धरणारे दोघे-तिघे आधीच कडेला उभे हवेत. मोजणी तिथेच, दोघांनी मिळून, आणि आकडा वहीत. क्यूआर गटाच्या खात्याचा हवा, कलाकाराच्या खासगी खात्याचा नको; नाहीतर वर्षाअखेरीला ते त्याचं उत्पन्न नव्हतं हे त्यालाच सिद्ध करत बसावं लागतं. ८०जी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं देणगीदाराला करसवलत देणारं कलम) असलेल्या ट्रस्टलाही २००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत धरत नाहीत, हे पावतीवर छापून टाका.