काळ्या मातीत तांबं १८० पीपीएम: आधी तिथेच ड्रिल करायचं का? (उमरेड-भिवापूर भाग)

नवा_सर्व्हेअर

नमस्कार. नागपूर जिल्ह्यात उमरेड-भिवापूरकडे एका ब्लॉकवर तांबं-सोन्याचं जी-४ पातळीचं (प्राथमिक शोधाचं) काम चालू आहे. पूर्वेला साकोली गटाचे फिलाइट आणि शिस्ट (दाबाखाली पापुद्रे पडलेले जुने खडक), पश्चिमेला ट्रॅप (दख्खनचा बेसॉल्ट) आणि त्यावरची काळी माती. २०० × ५० मीटरच्या जाळीवर २० सेंमी खोलीवरून मातीचे नमुने घेतले. पश्चिमेला तांबं सलग १५० ते २०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). पूर्वेला एका अरुंद पट्ट्यात ६० ते ९०, बाकी २५-३०. सोनं जवळपास सगळीकडे ५ पीपीबीच्या (अब्जात भाग) खाली, पण पूर्वेच्या दोन नमुन्यांत ४० आणि ११०. बजेट थोडा आयपी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून सल्फाइड खनिजं शोधणं) आणि चार बोअरहोल एवढंच. वरिष्ठ म्हणतात पश्चिमेचा आकडा मोठा, म्हणून आधी तिकडे. पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर हवं आहे.

खडकपारखी

पश्चिमेला ड्रिल करू नका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मुळातच १०० ते २०० पीपीएम तांबं असतं आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत ते तसंच उतरतं. तिथला १८० हा त्या खडकाचा नेहमीचा आकडा. फिलाइटवर पार्श्वभूमी २५-३० असताना ९० मिळणं म्हणजे तिप्पट. शोध तिथे घ्यायचा.

वरिष्ठांना पटवायचं तर सगळे नमुने एका नकाशावर एकाच रंगपट्टीत दाखवू नका. आधी खडकानुसार दोन गट पाडा, प्रत्येकाचा मध्यक आणि ९५ वा शतमक वेगळा काढा, मग नकाशा रंगवा. त्याबरोबर तांब्याची इतर मूलद्रव्यांशी जोडी बघा. टायटॅनियम, व्हॅनेडियम, निकेल, कोबाल्ट वाढतात तिथेच तांबंही वाढत असेल तर तो ट्रॅप. बिस्मथ, मॉलिब्डेनम, आर्सेनिक, चांदी किंवा जस्त यांच्यासोबत वाढत असेल तर खनिजाचा संशय. साकोलीत मेटाबेसाल्टचे (रूपांतरित बेसॉल्टचे) पट्टेही आहेत, त्यामुळे पूर्वेच्या पट्ट्यावरसुद्धा हीच कसोटी लावा.

आणि २० सेंमी फार उथळ. त्या भागात संत्र्याच्या बागा आणि मिरची आहे. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड वर्षानुवर्षं वरच्या थरात साचतं. बांधापासून दूर, ऑगरने कंकरचा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत जा आणि नमुना तिथला घ्या. नाल्याकाठची काळी माती तर वाहून आलेली असते, तिचा खालच्या खडकाशी संबंध नसतो.

एक फुकटचं काम राहिलं असेल तर तेही करा: भूकोश पोर्टलवर जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) नॅशनल जिओकेमिकल मॅपिंगचा डेटा आहे. २ × २ किमीला एक नमुना, म्हणजे ब्लॉकच्या आत फारसं कळणार नाही, पण आजूबाजूची पार्श्वभूमी कळते. पुल्लर-परसोडीच्या तांबं-सोन्याच्या शोधकामाचे जुने अहवालही काढून वाचा. तो पट्टा याच गटाच्या खडकांत आहे.

सोनेरी_चाळण

सोन्याच्या दोन आकड्यांवर उड्या मारू नका, आणि ते सोडूनही देऊ नका. सोनं दाण्यांच्या रूपात असतं. ३० ग्रॅमच्या फायर असेत (नमुना वितळवून सोनं मोजण्याची चाचणी) एखादा दाणा आला तर ११०, नाही आला तर ३. त्याच दोन जागी २-३ किलो नमुना परत घ्या आणि सायनाइडने बल्क लीच करून (सगळ्या नमुन्यातलं सोनं विरघळवून) तपासा. भोवती २५ मीटरवर नवे नमुने. खालच्या नाल्यात खडकाच्या खाचेतला जड गाळ पाटीत धुवून सोन्याचे कण मोजा: कडा धारदार असतील तर उगम जवळ, गोलाई आली असेल तर लांब.

क्वार्ट्झ शिरेत डोळ्याला सोनं दिसलं तर त्या नमुन्याला साधी फायर असे पुरत नाही, स्क्रीन फायर असे (जाड दाणे चाळून वेगळे तपासणं) सांगा. आणि तांबं-सोनं हातात हात घालून असतील असं गृहीत धरू नका. तांबं शिअर झोनमध्ये (खडक घासून चुरडलेला पट्टा) आणि सोनं नंतरच्या क्वार्ट्झ शिरांत, असंही असतं.

नवा_सर्व्हेअर

पटलं, धन्यवाद. मग पूर्वेच्या पट्ट्यावर आधी आयपी की आधी ट्रेंच (चर)?

चार्जेबिलिटी

ट्रेंच. स्वस्त आहे आणि खडक प्रत्यक्ष दिसतो. पट्ट्याच्या काटकोनात दोन-तीन खणा. तळाशी १० सेंमी रुंद, ५ सेंमी खोल अखंड चॅनल (खाच) काढून दर मीटरला एक नमुना, पण खडक बदलला की नमुनाही तिथेच तोडायचा. दीड मीटरपेक्षा खोल गेलात तर बाजूंना आधार हवाच, काळी माती भेगाळून एकदम बसते. शेतमालकाशी लेखी बोलणी आधी, आणि पावसाळ्यापूर्वी बुजवणं तुमच्या खर्चात.

मग आयपी: पोल-डायपोल (इलेक्ट्रोडच्या मांडणीची एक पद्धत), ५० मीटर अंतर, १०० मीटरवर रेषा. लक्षात घ्या, आयपीला पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) आणि चाल्कोपायराइट (तांब्याचं सल्फाइड) यांतला फरक कळत नाही, आणि कार्बनी फिलाइट असेल तर तोही तितकाच जोरात वाजतो. वर मॅलॅकाइट (तांब्याचं हिरवं कार्बोनेट) असूनही आयपी गप्प राहू शकतो, कारण ते सल्फाइड नाही. कोरड्या मुरुमात इलेक्ट्रोडला मिठाचं पाणी घाला. काळ्या मातीवर प्रवाह वरच्याच थरात पळतो आणि खालचं दिसेनासं होतं, तो भाग वगळा. विजेच्या तारा आणि तारेची कुंपणं नकाशावर नोंदवलेली हवीत, नाहीतर त्यांचाच अॅनोमली (वेगळा संकेत) ड्रिल कराल.

कोअरपेटी

चार होल एकदम ठरवू नका. पहिलं सगळ्यात चांगल्या ट्रेंचखाली, ६० अंशांत, शिस्टच्या उताराच्या विरुद्ध दिशेने, खनिजपट्टा ऑक्सिडाइज्ड (हवापाण्याने बदललेल्या) थराच्या खाली छेदेल असं. पट्टा लागला म्हणून होल थांबवू नका, आणखी २५-३० मीटर जा. दुसरं त्याच सेक्शनवर खोल, उरलेली दोन निकाल पाहून पट्ट्याच्या लांबीत. वर एचक्यू (मोठ्या व्यासाचा कोअर), पक्का खडक लागला की एनक्यू (लहान व्यासाचा). शिअर झोनमध्ये कोअर रिकव्हरी (खोदलेल्यापैकी हाती आलेला खडक) ९० टक्क्यांखाली गेली तर रन (एका वेळची खोदाई) लहान करा आणि ड्रिलिंग मड बदला, कारण धुऊन जातं ते नेमकं मऊ सल्फाइडच.

कोअर उभा कापा आणि नेहमी एकाच बाजूचा अर्धा पाठवा. दर २० नमुन्यांत एक स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचा), एक ब्लँक (धातू नसलेला), एक डुप्लिकेट, आणि ब्लँक मुद्दाम समृद्ध नमुन्याच्या लगेच नंतर, म्हणजे लॅबचा क्रशर स्वच्छ आहे का ते कळतं. तांबं १ टक्क्याच्या वर गेलं की तो नमुना ओव्हर-लिमिट पद्धतीने (जास्त प्रमाण मोजणारी चाचणी) परत करून घ्या.

अहवालात लांबीभारित सरासरीच द्या. २ मीटर १.८ टक्के, ४ मीटर ०.६ आणि १ मीटर ०.१ असेल तर ७ मीटरची सरासरी ०.८७ टक्के. नुसती बेरीज करून तिनाने भागलं तर ०.८३ येतं. इथे फरक किरकोळ वाटतो, पण समृद्ध तुकडा लहान असला की खूप फुगतो. आणि ते ७ मीटर कोअरमधले आहेत, पट्ट्याची खरी जाडी नव्हे: शीर कोअरच्या अक्षाशी ४० अंशांत असेल तर ती साधारण साडेचार मीटरच.