रोहिंग्यांचा दावा बांगलादेशाऐवजी गांबियाने का लावला?

प्रश्न:
ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारच्या राखाइन प्रांतातून जीव वाचवून बांगलादेशात आले. भार पडला बांगलादेशावर. मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध दावा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने कसा लावला?

प्रतिसाद १:
हे न्यायालय दोन्ही देशांच्या संमतीशिवाय प्रकरण ऐकत नाही. इथे ती संमती १९४८च्या वंशसंहारविरोधी कराराच्या नवव्या कलमातून मिळाली: करारावरून वाद झाला तर कोणताही पक्षकार देश तो या न्यायालयात नेऊ शकतो. म्यानमारने १९५६ साली करार मंजूर करताना सहाव्या आणि आठव्या कलमांवर अटी घातल्या, नवव्यावर नाही. बांगलादेशाची अट मात्र नेमकी नवव्यावर: दरवेळी सर्व पक्षकारांची संमती हवी. (भारताचीही तीच अट आहे.) गांबियाची अशी अट नव्हती. त्यांचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू यांनी रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात काम केलं होतं, आणि इस्लामी सहकार्य संघटना पाठीशी होती.

प्रतिसाद २:
खरी मेख ‘वाद’ या शब्दात आहे. अर्ज दाखल होतो त्या दिवशी दोन देशांत वाद असलाच पाहिजे. मार्शल बेटांचे भारत, पाकिस्तान व ब्रिटनविरुद्धचे अण्वस्त्रांचे दावे २०१६मध्ये इथेच अडकून फेटाळले गेले. म्हणून गांबियाने ११ ऑक्टोबर २०१९ला म्यानमारला राजनैतिक पत्र पाठवलं, महिनाभर वाट पाहिली आणि ११ नोव्हेंबरला अर्ज केला. म्यानमारने उत्तर दिलं नाही, आणि ते मौनही न्यायालयाने विचारात घेतलं. अशा पत्रात कोणतं कर्तव्य मोडलं ते स्पष्ट लिहावं. नुसती ‘तीव्र चिंता’ व्यक्त करून भागत नाही.

प्रश्नकर्ता:
पण गांबियाचं थेट नुकसान काय झालं?

प्रतिसाद १:
काही नाही, आणि ते लागतही नाही. या करारातली कर्तव्यं सगळ्या सदस्य देशांप्रती असतात. २२ जुलै २०२२ला न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी गांबियाचा अधिकार मान्य केला.

प्रतिसाद ३:
आता मर्यादा. २३ जानेवारी २०२०चा अंतरिम आदेश एकमताचा होता: संहार रोखा, पुरावे जपा, चार महिन्यांत आणि पुढे दर सहा महिन्यांनी अहवाल द्या. पण ते अहवाल जाहीर होत नाहीत, त्यामुळे ते खरे की खोटे हे निर्वासितांना पडताळता येत नाही. अंतिम निकाल कोणी पाळला नाही तर दाद सुरक्षा परिषदेकडे, आणि तिथे नकाराधिकार. शिवाय हत्या आणि जाळपोळ सिद्ध करून पुरत नाही, गटच नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो. बोस्नियाच्या सर्बियाविरुद्धच्या दाव्यात २००७मध्ये वंशसंहार फक्त स्रेब्रेनित्सा इथल्या १९९५च्या हत्याकांडापुरता मान्य झाला. रोहिंग्यांना नागरिकत्वापासून दूर ठेवणारा १९८२चा कायदा बदलवून घेण्यासाठी या दाव्याबाहेर, परतीच्या वाटाघाटींतच जोर लावावा लागेल.