नुसता ‘चाफा’ म्हणजे कुठला?

परवा महाद्वार रोडला फुलवाल्या मावशींकडे चाफा मागितला. त्यांनी विचारलं, "कसला देऊ? सोनचाफा का देवचाफा?" घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

माझ्या मते मूळ चाफा सोनचाफाच. संस्कृतातला चंपक तोच. ‘चाफेकळी नाक’ म्हणतो ना, ती त्याचीच लांबट, निमुळती, मिटलेली कळी. देवचाफ्याची पीळ पडलेली कळी कुणाच्या नाकाला शोभायची नाही! चंपकवर्णसुद्धा सोनेरी पिवळाच.

देवचाफ्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं. ‘प्ल्युमेरिया’ हे शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए (१६४६-१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. मग या पाहुण्याला देवाचं नाव का? तोडलेली फांदी कितीतरी दिवस नुसती पडून राहिली तरी तिला पालवी फुटते, मातीत खोचली की जगते. पानं झडलेल्या उघड्या फांदीवर फुलं येतात. मरण न मानणारं झाड म्हणून देवळाच्या आवारातही दिसतं आणि स्मशानाच्या कडेलाही.

त्याचंच दुसरं नाव खुरचाफा. काहीजण गुरांच्या खुराशी नातं जोडतात, मला ते पटत नाही. फांदी मोडली की पांढराशुभ्र चीक गळतो, म्हणून संस्कृतात क्षीरचंपक. क्षीरचा खीर, खैर, खुर असा शब्द झिजत आला असावा. लाओसचं राष्ट्रीय फूलही हेच, आणि तिथलं नाव ‘डोक चंपा’. म्हणजे चंपकाचं नाव तिकडेही यालाच मिळालं.

बाकीचे चाफे तर एका कुळाचेही नाहीत. हिरवा चाफा सीताफळाच्या गोतातला, भुईचाफा आल्या-हळदीच्या, नागचाफा म्हणजे नागकेशर. कवठी चाफा तेवढा सोनचाफ्याचा भाऊबंद. कुळं वेगळी, पण सुवास सगळ्यांना. मला वाटतं, आपल्या माणसांनी पानं-पाकळ्या मोजल्याच नाहीत. घमघमाट आला की म्हटलं चाफा, आणि पुढं रंग, वास, जागा जोडून नाव पुरं केलं.

माझी आजी काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यात सोनचाफा सोडायची आणि घट्ट बूच लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवायची. महिनोन्महिने पाकळी हलायची नाही. ती त्याला ‘सोन’ कधी म्हणाली नाही, नुसता चाफा. देवचाफ्याला मात्र खैरचाफा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या मंडळींनी सांगा, तुमच्या घरात नुसता चाफा कुणाला म्हणतात?