मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना ब्लूबेलचं जंगल कुठे दाखवू?

झाडीपट्टी

नमस्कार मंडळी. आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहतो. आई-बाबा 18 एप्रिलला चंद्रपूरहून येताहेत, मुक्काम सहा आठवडे. बाबा वनखात्यात होते, वनपाल म्हणून निवृत्त झाले. उभी हयात मोहर्ली-चिमूरकडच्या सागवानात गेली. त्यामुळे लंडनचा पूल, राजवाडा वगैरेत त्यांना काडीचा रस नाही. "इथलं जंगल दाखव" एवढंच म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आले होते तेव्हा हौसेने एका जंगलात नेलं. पानगळीचे रंग बघायचे होते, पण पानं आधीच गळून गेलेली. चिखल घोट्यापर्यंत. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या, त्यावरून बाबा घसरले. आसपास दोन मैलांत संडास नाही. आईने ती गोष्ट चंद्रपुरात घरोघरी सांगितलीय. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "ह्या जंगलात आवाजच नाही रे."

तेव्हा या खेपेला नीट चौकशी करूनच जायचं ठरवलंय. ब्लूबेलचा निळा गालिचा फोटोत बघितलाय, तो दाखवायचाय. अडचणी अशा:

1. मागच्या दिवाळीत बाबांचा गुडघा बदललाय. सपाटीवर काठी घेऊन दीडेक किलोमीटर चालतात. चढ आणि पायऱ्या नकोत.
2. संडास पाहिजेच. (वर सांगितलंच.)
3. नेमकं कधी जावं? आठवडा चुकला की फुलं संपतात म्हणे.
4. डबा नेऊन बसता येतं का?

गाडी आहे. तासाभराच्या अंतरातलं सुचवा.

रानजाई

वॉटफर्डहून ॲशरिजचं जंगल गाठा, डोळे मिटून. हर्टफर्डशरमध्ये, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. त्यातलं डॉकी वुड ब्लूबेलसाठी प्रसिद्ध. जमीन बऱ्यापैकी सपाट, वाटा आखलेल्या, आणि फेरी लहान, म्हणजे बाबांना कुठूनही मागे फिरता येईल. आम्ही सासूबाईंना नेलं होतं, कुठे पायऱ्या चढाव्या लागल्याचं आठवत नाही.

वेळ: त्या भागात साधारण एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला पंधरवडा. हिवाळा उबदार गेला तर आधी. तुमचे आई-बाबा अगदी वेळेवर येताहेत. पण शनिवार-रविवारी जाऊ नका. गणपतीच्या आदल्या दिवशीची दादर मंडई परवडली. हंगामात शनिवार-रविवारी तिथे तिकीटही लावतात, सदस्यांना माफ. निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, दरवर्षी नियम थोडे बदलतात.

मिरजकर

संडासाचं मी सांगतो, तो माझा विषय आहे. डॉकी वुडपाशी भरवसा धरू नका. आधी ब्रिजवॉटर स्मारकापाशी गाडी लावा. तिथे माहिती केंद्र, कॅफे आणि संडास, तिन्ही आहे. ते आटोपून मग डॉकीला जा, गाडीने पाच-सात मिनिटं. येताना परत तिथेच चहा. स्मारक म्हणजे 1832 साली उभारलेला उंच खांब, आत 172 पायऱ्या. बाबांना खाली बाकावर बसवा, पोरांना वर पाठवा.

ट्रेनच्या भानगडीत पडू नका. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून ट्रिंग चाळीसेक मिनिटांत येतं खरं, पण स्टेशन गावाबाहेर आणि तिथून जंगलापर्यंत चढ आहे.

डबा खुशाल न्या. स्मारकासमोर मोठं हिरवं मैदान आहे. आम्ही थालीपीठ खाल्लं, कुणी हटकलं नाही, एक कुत्रा तेवढा फार ओळख काढायला आला.

झाडीपट्टी

रानजाई, मिरजकर, खूप आभार. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचे उलट प्रश्न सुरू. "पानझडी जंगलात फुलं झाडाखाली काहून? आपल्याकडे पानं झडली की पळस वर फुलतो, खाली तर सगळा कचरा आणि वणव्याची भीती." मला उत्तर देता आलं नाही.

आणि आईने विचारलंय, चार फुलं देवाला तोडली तर चालेल का?

रानजाई

बाबांचा प्रश्न झकास. तुमच्याकडे साग पानं टाकतो ते पाणी संपतं म्हणून. ऊन भरपूर, ओल नाही, त्यामुळे खाली काही तग धरत नाही. इथे उलटं. हिवाळ्यात ओल भरपूर, पण ऊन नाही आणि थंडी. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढायला लागतं, तोवर बीच आणि ओकच्या झाडांना पानं नसतात, म्हणजे सगळा उजेड जमिनीवर पोचतो. ब्लूबेलचा कांदा नेमका तेवढे आठवडे साधतो. वर पानांचं छत जुळलं की खाली अंधार, आणि यांचा कारभार आटोपलेला. म्हणून तर आठवडा चुकवू नका म्हणतात.

फुलं तोडू नका. कांदा उपटणं तर 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय झाड विषारी असतं आणि तोडलं की फूल लगेच मान टाकतं, देवापर्यंत पोचायचं नाही. फोटोसाठी वाट सोडून आत शिरणं त्याहून वाईट. पानं तुडवली की कांद्याला अन्न मिळत नाही आणि तो ताटवा पुढची कित्येक वर्षं सावरत नाही. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायलाच पाचएक वर्षं लागतात. दरवर्षी कुणीतरी नवरी झगा पसरून मधोमध बसलेली दिसते आणि माझं डोकं फिरतं.

अर्धाकप

एवढ्या निळ्या फुलांसाठी पेट्रोल जाळायचं? सप्टेंबरात कासला जा की.

रानजाई

अर्धाकप, धागाकर्ते एप्रिलचं विचारताहेत. आणि कासला तरी आपण चालतच जातो ना?

कवळतोड

वनपाल साहेबांसाठी एक जागा सुचवतो. ॲशरिजमध्येच, बर्कमस्टेडच्या अंगाला, फ्रिद्सडेन बीचेस आहे. तिथले जुने बीच पुरुषभर उंचीवर तोडलेले आहेत आणि त्यावरून पुन्हा जाड जाड फांद्या फुटल्यात. खाली तोडलं असतं तर कोंब गुरांनी आणि हरणांनी खाल्ले असते, म्हणून तोड वर. त्याला इथे पोलार्ड म्हणतात. जळणासाठी पिढ्यान्‌पिढ्या असंच चालायचं. मी कोकणातला, आमच्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, ऐन-किंजळाची कवळं (पानांच्या डहाळ्या) तोडतात. ती झाडं डोळ्यांसमोर आणा आणि बुंधा चार माणसांच्या कवेत मावणार नाही इतका करा, झालं.

जमिनीलगत तोडून पुन्हा फुटू देतात तो कॉपिस. उसाचा खोडवा म्हणा हवं तर. बाबांना हा शब्द समजवावा लागणार नाही, आपल्या वनखात्यात तो इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय.

कडूगोड

गोचिडांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. एप्रिल-मेमध्ये असतात. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरला दाखवा, गोचिडांमुळे होणारा लाइमचा आजार असू शकतो. आईंची साडी असेल तर आतून लेगिंग.

झाडीपट्टी

उशिरा लिहितोय, पण जाऊन आलो. मेचा पहिला आठवडा, मंगळवार, सकाळी साडेआठ. डॉकीला तीन गाड्या होत्या फक्त.

निळं किती निळं ते लिहीत नाही, फोटो टाकेन. बाबांनी फुलांकडे पाचेक मिनिटं बघितलं. काठीवर रेलून एका फुलाशी वाकले. देठ एका बाजूला कललेला, सगळ्या घंटा त्याच बाजूला लोंबलेल्या, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आतले पराग सायीच्या रंगाचे. मग त्यांचं लक्ष वर गेलं ते गेलंच. बीचची पानं नुकतीच उलगडत होती, पंख्यासारख्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. खालची एक डहाळी बोटांत धरून म्हणाले, "हात लाव." पानाच्या कडेला बारीक रेशमी लव होती, तान्ह्या पोराच्या कानावर असते तशी. मी या देशात अकरा वर्षं आहे, बीचच्या पानाला हात लावायचं मला कधी सुचलं नव्हतं. कळ्यांची तपकिरी टरफलं वरून गळत होती, आईच्या शालीवर पडत होती, ती एकेक वेचून टाकत होती.

परत फिरताना आतून आवाज आला. भुंकल्यासारखा, एकेकटा, थांबून थांबून. मला वाटलं कुणाचं तरी कुत्रं. बाबा जागच्या जागी थांबले, हात आडवा करून आम्हालाही थांबवलं आणि हळूच म्हणाले, "भेकर."

मी म्हटलं, बाबा, इथे कुठलं भेकर? ते ऐकेचनात. भेकर ओरडतंय म्हणजे वाघ नाहीतर बिबट्या उठलाय, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. काठी घट्ट धरून झाडीकडे नजर लावून उभे. दोन मिनिटांनी वाटेच्या पलीकडे ते आलं, कुत्र्याएवढं, पाठ वाकडी, शेपटी वर. आमच्याकडे बघितलं आणि फुलांत घुसलं. निळ्यातून नुसते कान जाताना दिसले.

माहिती केंद्रात विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, मुंटजॅक, बुटकं हरीण. मूळचं चीनचं, इथून जवळच वोबर्नच्या बागेत आणून ठेवलं होतं, तिथून सुटून गेल्या शतकात देशभर पसरलं. आता तेच ब्लूबेलचे शेंडे खातं म्हणून डोकेदुखी झालंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्या भेकराचा चुलतभाऊ. आवाज लपत नाही."

फ्रिद्सडेनला गेलो नाही, गुडघा भरून आला होता. पुढच्या आठवड्यात जायचंय. कवळतोड, तिथे गाडी लावायला सगळ्यात जवळची जागा कोणती? आणि जमिनीवर मुळं फार आहेत का? काठी अडकते.

कवळतोड

बर्कमस्टेड कॉमनच्या बाजूने या. मुळं आहेत, आणि बीचच्या जुन्या पानांखाली दिसत नाहीत. बाबांना हात द्या. काठीला खाली रबराचं बूच नवीन लावा, जुनं झिजलेलं असेल तर घसरतं.